जन्म, वर्ण आणि नागरिकत्व

आपल्या मंदिराच्या सभासद कुटुंबांपैकी असे घर आता विरळाच असेल, की ज्या घरचा मुलगा, सून, भाचा अथवा पुतणी परदेशी नाही. मध्येच केव्हातरी दूरध्वनी येतो, "शपथविधी झाला, नागरिकत्व मिळाले," असे शब्द कानी पडतात, आणि इकडे देवापुढे पेढे ठेवले जातात. आईच्या डोळ्यांत आनंदाबरोबर थोडे पाणीही असते. या प्रसंगात कोणालाही काही विलक्षण वाटत नाही. पाच वर्षे रीतसर वास्तव्य केले, परीक्षा दिली, शपथ घेतली आणि नागरिक झालो, असा हा सरळ हिशेब आहे, अशी आपली समजूत असते.

परंतु हा हिशेब नेहमीच इतका सरळ नव्हता. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेच्या न्यायालयात अर्जदारास प्रथम विचारला जाणारा प्रश्न त्याच्या आचरणाविषयीचा नसून त्याच्या कातडीविषयीचा होता. या प्रश्नाच्या कचाट्यात प्रथम जपानी मनुष्य सापडला आणि त्याच्या मागोमाग आपला हिंदी मनुष्य सापडला. त्या काळच्या दोन मोठ्या खटल्यांचा अभ्यास प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यातील दुसऱ्या खटल्यात एका मराठी वळणाच्या नावाच्या वकिलाचा हात होता, आणि त्या वकिलाच्या बाजूने जो युक्तिवाद झाला, तो वाचल्यावर आपणांस आपल्याच घराचा उंबरठा तपासावा लागतो. म्हणूनच हा विषय आपल्या पत्रिकेत घेणे उचित वाटले.

१. एका शब्दाचे कुंपण

अमेरिकेची संयुक्त संस्थाने स्वतंत्र झाल्यावर तेथील काँग्रेसने १७९० साली नागरिकत्वाचा पहिला कायदा केला. परदेशात जन्मलेल्या मनुष्याने नागरिक होण्यासाठी तो 'मुक्त गोरी व्यक्ती' असला पाहिजे, अशी अट त्यात घातली होती. पुढे यादवी युद्ध झाले, गुलामगिरी नष्ट झाली, आणि १८७० साली आफ्रिकेत जन्मलेल्या व आफ्रिकी वंशाच्या लोकांना हे दार उघडण्यात आले. म्हणजे गोऱ्यास वाट होती व कृष्णवर्णीयासही वाट होती. मधल्या आशिया खंडातील मनुष्याचे काय, याविषयी कायदा गप्प होता.

हे मौन फार दिवस टिकले नाही. १८८२ साली चिनी मजुरांच्या प्रवेशास बंदी करण्यात आली आणि चिनी मनुष्यास नागरिक करून घेऊ नये, असे त्याच कायद्यात स्पष्ट लिहिले गेले. जपान्यांविषयी मात्र असा स्पष्ट शब्द कोठेच नव्हता. म्हणून त्यांचे भवितव्य न्यायाधीशांच्या अर्थ लावण्यावर अवलंबून राहिले. १८९४ साली मॅसॅच्युसेट्समधील एका संघीय न्यायालयाने सायतो नावाच्या जपानी अर्जदाराचा अर्ज, तो गोरा नाही एवढ्याच कारणास्तव फेटाळला.

येथे वाचकांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेले मूल जन्मतःच नागरिक होते, मग त्याचे आईबाप कोणत्याही वंशाचे असोत. १८९८ साली वाँग किम आर्क या चिनी कुळातील तरुणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केले होते. त्यामुळे एकाच घरात मुलगा नागरिक आणि त्याचा बाप आजन्म परका, अशी स्थिती निर्माण झाली.

२. कायद्याची आडवाट

जपानी मजूर १८८५ पासून हवाई बेटांतील उसाच्या मळ्यांत आणि त्यानंतर कॅलिफोर्नियातील शेतांवर जाऊ लागले. त्यांनी मेहनतीने शेती पिकविली आणि त्याबरोबरच शेजाऱ्यांचा मत्सरही ओढवून घेतला. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळामंडळाने जपानी मुलांना वेगळ्या शाळेत धाडण्याचा हुकूम काढला. जपान हे तेव्हा रशियाचा पराभव केलेले बलाढ्य राष्ट्र होते. त्यास उघड दुखविणे अमेरिकेच्या सरकारास परवडणारे नव्हते. म्हणून १९०७-०८ मध्ये उभय सरकारांत एक सामोपचाराचा समझोता झाला. जपानने मजुरांना पारपत्रे देऊ नयेत आणि अमेरिकेने त्या मुलांना शाळेतून वेगळे काढू नये, असा त्याचा आशय होता.

त्यानंतर १९१३ साली कॅलिफोर्नियाने जमिनीचा एक कायदा केला. त्यात 'जपानी' हा शब्द शोधूनही सापडत नाही. 'नागरिकत्वास अपात्र असलेल्या परकीयाने' शेतजमीन विकत घेऊ नये, एवढेच त्यात म्हटले होते. पण अपात्र कोण? जो गोरा नाही आणि आफ्रिकी वंशाचाही नाही, तो. अशा रीतीने नाव न घेता नेम साधण्यात आला. कायद्याची भाषा सभ्य असली म्हणजे कायदा न्याय्य असतोच असे नाही, हा धडा येथे शिकण्यासारखा आहे. नागरिकत्वाचे दार एकदा बंद झाले, की जमीन, व्यवसाय, विवाह अशी घरातील इतर दारेही पाठोपाठ कशी बंद होतात, हेही यावरून दिसते.

३. ओझावा यांची निष्ठा

ताकाओ ओझावा यांचा जन्म १८७५ साली जपानात झाला. ते तरुणपणीच १८९४ साली अमेरिकेत आले. बर्कली येथील हायस्कुलात त्यांचे शिक्षण झाले आणि कॅलिफोर्निया विश्वविद्यालयात ते सुमारे तीन वर्षे शिकले. पुढे त्यांनी हवाईत बिऱ्हाड केले. त्यांच्या घरात इंग्रजी बोलले जाई आणि मुले अमेरिकी शाळेत व चर्चमध्ये जात. वीस वर्षे त्या भूमीवर काढल्यानंतर १९१४ साली त्यांनी नागरिकत्वाचा अर्ज केला.

ओझावा यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : मनुष्याची निष्ठा त्याच्या वागण्यावरून ओळखावी. जन्माने अमेरिकी असूनही देशद्रोह केलेली माणसे इतिहासात आहेत, आणि जन्माने परका असूनही मनाने या देशाचा झालेला मनुष्य येथे उभा आहे. त्यांच्या बाजूने जपानी मनुष्याच्या गोऱ्या कांतीचाही मुद्दा मांडला गेला. परंतु त्यांच्या अर्जाचा खरा आधार म्हणजे त्यांचे आचरण हाच होता.

खटला खालच्या न्यायालयांतून चढत चढत सर्वोच्च न्यायालयात गेला. जॉर्ज विकरशॅम हे अमेरिकेचे माजी महान्यायवादी ओझावा यांच्या बाजूने उभे राहिले. १३ नोव्हेंबर १९२२ रोजी निकाल लागला. न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी तो लिहिला. हे स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले गृहस्थ होते. अर्जदाराचे शील व शिक्षण नागरिकत्वास सर्वथा योग्य आहे, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु 'गोरा' या शब्दाचा अर्थ कातडीच्या छटेवरून ठरत नसून, गोरा म्हणजे 'कॉकेशियन' वंशाचा मनुष्य होय, जपानी मनुष्य त्या वंशाचा नाही, सबब अर्ज नामंजूर, असा निर्णय झाला. गुणांची कबुली दिली गेली आणि तरीही दार लावून घेण्यात आले.

४. ठिंड, पंडित आणि 'उच्चवर्णीय हिंदू'

हा निकाल वाचून अमेरिकेतील हिंदी लोकांना आशा वाटली असल्यास नवल नाही. कारण त्या काळच्या वंशशास्त्राच्या पुस्तकांत उत्तर हिंदुस्थानातील लोकांची गणना कॉकेशियन अथवा आर्य वंशात केली जात असे. तत्पूर्वी काही हिंदी लोकांना नागरिकत्व मिळालेलेही होते. मुंबईकडील पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांना न्यूयॉर्कच्या न्यायालयांनी १९०९-१० मध्ये गोरे मानले. बंगालचे अक्षयकुमार मजुमदार १९१३ साली नागरिक झाले. ज्या वर्षी ओझावा यांनी अर्ज केला, त्याच १९१४ साली लॉस एंजल्स येथे सखाराम गणेश पंडित यांना नागरिकत्व मिळाले. सरकारने त्यांच्या अर्जास विरोध केला होता, परंतु निकाल विरुद्ध गेल्यावर वरिष्ठ न्यायालयाकडे दाद मागितली नाही. पंडितांनी पुढे तेथेच वकिलीची सनद घेतली.

भगतसिंग ठिंड हे मूळचे अमृतसरकडील शीख गृहस्थ. ते १९१३ साली अमेरिकेत आले आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात दाखल झाले. त्यांना १९१८ साली नागरिकत्व मिळाले आणि अवघ्या चार दिवसांत ते काढून घेण्यात आले. १९२० साली ऑरेगॉनमधील न्यायालयाने ते पुन्हा दिले. सरकारने त्याविरुद्ध वाद नेला आणि प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. अमेरिकेत त्या काळी शीख, मुसलमान, हिंदू अशा सर्वच हिंदी लोकांना सरसकट 'हिंदू' म्हणत. म्हणून न्यायालयापुढील प्रश्नाचे शब्द असे होते, की पूर्ण हिंदी रक्ताचा उच्चवर्णीय हिंदू हा गोरी व्यक्ती होय की नव्हे? ठिंड यांच्या वकिलांत सखाराम गणेश पंडित हे एक होते.

आता त्यांच्या युक्तिवादाकडे नीट लक्ष द्यावे. ठिंड हे सैनिक आहेत, त्यांचे आचरण शुद्ध आहे, या गोष्टी होत्याच. परंतु मुख्य भर वंशावर देण्यात आला. ठिंड हे आर्य आहेत, उच्च जातीचे आहेत, आणि जातिबंधनांमुळे त्यांच्या कुळाचे रक्त शुद्ध राहिले आहे, असे प्रतिपादन करण्यात आले. एवढेच नव्हे, तर अमेरिकेतील गोरा मनुष्य ज्या दृष्टीने कृष्णवर्णीयांशी विवाह करण्याकडे पाहतो, त्याच दृष्टीने उच्चवर्णीय हिंदू आपल्या देशातील आदिवासींशी विवाह करण्याकडे पाहतो, अशी तुलनाही लेखी निवेदनात करण्यात आली. तात्पर्य, "आम्हीही तुमच्यासारखेच दुसऱ्याला दूर ठेवणारे आहोत, म्हणून आम्हांस जवळ घ्या," असे म्हणण्याची पाळी आली.

१९ फेब्रुवारी १९२३ रोजी निकाल लागला आणि तोही न्यायमूर्ती सदरलँड यांनीच लिहिला. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी गोरा म्हणजे कॉकेशियन असे सांगितले होते. आता ते म्हणाले, की शास्त्रज्ञ काय म्हणतात ते महत्त्वाचे नसून, सामान्य मनुष्य 'गोरा' कोणास म्हणतो ते महत्त्वाचे होय, आणि सामान्य अमेरिकी मनुष्य हिंदी मनुष्यास गोरा म्हणणार नाही. जपानी मनुष्यास शास्त्राने बाहेर ठेवले आणि हिंदी मनुष्यास शास्त्र बाजूस सारून बाहेर ठेवले. मोजमापाची काठी बदलली, पण कुंपण जागच्या जागी राहिले. जातीच्या शुद्धतेविषयी तर न्यायालयाने असेही म्हटले, की जातिनियमांचा हेतू संकर टाळण्याचा असला तरी तो पूर्णपणे सफल झालेला दिसत नाही. ज्या गोष्टीचा अभिमान सांगितला, तिचाही उपयोग झाला नाही.

५. निकालानंतरचे दिवस

या निकालानंतर सरकारने, ज्या हिंदी लोकांना आधीच नागरिकत्व मिळाले होते, त्यांच्यावर ते काढून घेण्याचे दावे लावले. मजुमदार यांचे नागरिकत्व गेले. इतरही अनेकांचे गेले. पेशावरहून १९१५ साली पत्नी व तीन मुलांसह आलेले वैष्णो दास बगाई सॅन फ्रान्सिस्कोत व्यापार करीत होते. १९२१ साली ते नागरिक झाले होते. ब्रिटिश सत्तेखाली राहावयाचे नाही म्हणून त्यांनी देश सोडला होता. नागरिकत्व गेल्यावर मायदेशी जाऊन येण्यासाठी ब्रिटिश पारपत्र घ्या, असे त्यांस सांगण्यात आले. १९२८ साली त्यांनी आपले जीवन संपविले. त्यांच्या पत्नी कला बगाई यांनी धीराने मुलांना वाढविले. अलीकडे बर्कली शहरातील एका रस्त्यास त्यांचे नाव देण्यात आले आहे.

पंडितांवरही दावा आला. या वेळी मात्र त्यांनी वंशाचा मुद्दा पुढे केला नाही. त्यांनी सांगितले, की सरकारने दिलेल्या शब्दावर विसंबून मी माझे आयुष्य उभे केले आहे. मायदेशातील वारसा सोडला, वकिलीचा व्यवसाय केला, घर घेतले, अमेरिकी स्त्रीशी विवाह केला. आज नागरिकत्व गेले तर सनद जाईल, आणि त्या काळच्या कायद्याप्रमाणे अपात्र परकीयाची पत्नी म्हणून तिचेही नागरिकत्व जाईल. १९१४ साली सरकारला विरोधाची पूर्ण संधी होती. तेव्हा निकाल मान्य करून आता नऊ वर्षांनी तोच वाद उकरून काढता येणार नाही.

या तत्त्वास कायद्यात प्राङ्न्याय म्हणतात. आपल्याकडील १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या अकराव्या कलमात हेच तत्त्व आहे. एकदा समर्थ न्यायालयाने उभय पक्षांचे ऐकून निकाल दिला आणि तो अंतिम झाला, की त्याच पक्षांनी तोच वाद पुन्हा आणू नये. १९२६ साली अपील न्यायालयाने पंडितांच्या बाजूने कौल दिला आणि १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्याचे नाकारले. त्यानंतर इतर हिंदी लोकांवरील उरलेले दावेही सरकारने सोडून दिले. वंशाच्या अभिमानाने जे साधले नाही, ते दिलेला शब्द पाळण्याच्या न्यायाने साधले, ही गोष्ट मनन करण्याजोगी आहे.

६. त्याच वर्षी बडोद्यात

१९१० साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी बोर्डन नावाच्या अमेरिकी ग्रंथपालास बडोद्यात आणून राज्यातील वाचनालयांची व्यवस्था त्यांच्या हाती दिली. त्यांना या नगरीत सन्मानाने जागा मिळाली. १९१३ साली महाराजांनीच शिष्यवृत्ती देऊन भीमराव आंबेडकर या तरुणास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विश्वविद्यालयात धाडले. १९१७ च्या फेब्रुवारीत अमेरिकेने एक नवा कायदा करून आशियाचा मोठा भूभाग 'प्रतिबंधित प्रदेश' ठरविला आणि हिंदी मजुरास प्रवेश बंद केला. त्याच १९१७ साली आंबेडकर शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे राज्याची सेवा करण्यासाठी बडोद्यास परत आले.

पुढे काय घडले ते त्यांनी स्वतः लिहून ठेविले आहे, आणि ते टिपण 'वेटिंग फॉर अ व्हिसा' म्हणजे 'प्रवेशपत्राची प्रतीक्षा' या नावाने प्रसिद्ध आहे. परदेशातील वर्षांत आपण अस्पृश्य आहोत याचा त्यांना विसर पडला होता. बडोद्याच्या स्टेशनावर उतरताच, राहावयाचे कोठे, हा प्रश्न पुढे उभा राहिला. हिंदूंच्या खानावळीत जागा मिळणे शक्य नव्हते. अखेर ते एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव नोंदवून राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांस बाहेर काढले. एका हिंदू मित्राकडे आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आसरा मागितला, परंतु दोघांनीही अडचण सांगितली. मुंबईची गाडी सुटेपर्यंतचा वेळ त्यांनी कमाटी बागेत काढला, आणि बडोदे सोडले. ही तीच सयाजीबाग, जेथे आपण सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन जातो.

यात दोष कोणा एका समाजाचा नव्हता. सारे नगरच त्या दिवशी 'सामान्य मनुष्याच्या समजुतीने' चालले होते. सदरलँड यांच्या निकालातील सामान्य मनुष्य अमेरिकेत होता, तसाच तो आपल्या पेठेतही होता. विद्या, शील आणि राजाचे नेमणूकपत्र या तिन्ही गोष्टी हाती असताना जन्माच्या एका शब्दावरून त्या तरुणास दार बंद झाले. ओझावा यांची कथा याहून निराळी नाही.

७. कुंपण निघाले

१९२४ साली अमेरिकेने नागरिकत्वास अपात्र अशा सर्वच परकीयांचा कायम वास्तव्यासाठीचा प्रवेश बंद केला, त्यामुळे जपानी स्थलांतर थांबले. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ नंतर, सुमारे १,२०,००० जपानी वंशीयांना छावण्यांत कोंडण्यात आले. त्यांतील बहुसंख्य लोक जन्मसिद्ध नागरिक होते. या अन्यायाबद्दल अमेरिकेने १९८८ साली कायदा करून क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकास वीस हजार डॉलर दिले.

हिंदी लोकांना नागरिकत्वाचा हक्क २ जुलै १९४६ रोजी मिळाला, परंतु वर्षाला अवघ्या १०० जणांनाच कायमचा प्रवेश होता. १९५२ साली वंशाची अट कायद्यातून साफ गेली आणि जपान्यांना नागरिक होता येऊ लागले. १९६५ च्या कायद्याने देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडली, आणि आपल्या घरांतील इंजिनियर, डॉक्टर ज्या वाटेने गेले, ती वाट उघडली. ठिंड यांना महायुद्धातील सैनिकांसाठी झालेल्या १९३५ च्या कायद्यामुळे १९३६ साली नागरिकत्व मिळाले. त्याच १९३६ साली ओझावा निवर्तले. मरेपर्यंत ते नागरिक झाले नाहीत.

इकडे आपल्या देशाचे संविधान १९५० साली अमलात आले. मसुदा समितीचे अध्यक्ष तेच आंबेडकर होते. नागरिकत्वाच्या पाचव्या कलमात जन्म, मातापिता आणि वास्तव्य यांचा विचार आहे, वर्णाचा अथवा वंशाचा नाही. सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. ज्यास या नगरीत राहण्यास खोली मिळाली नाही, त्याच्या देखरेखीखाली साऱ्या देशाच्या नागरिकत्वाचे शब्द लिहिले गेले.

उपसंहार

श्रीकृष्णांनी गीतेत चातुर्वर्ण्याविषयी बोलताना गुण आणि कर्म यांचे नाव घेतले आहे. पंढरीच्या महाद्वाराशी चोखोबांची समाधी आहे, आणि विठ्ठलाचे मंदिर सर्वांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले, हेही आपण जाणतो. शास्त्र आपल्या मुखी असते, परंतु दारावर उभा राहतो तो बहुधा आपल्यातील 'सामान्य मनुष्य'.

परदेशातील आपल्या मुलाला नावावरून अथवा रंगावरून कोणी हिणविले, तर आपणांस क्रोध येतो, आणि तो येणे योग्यच आहे. परंतु त्या क्रोधाचा अधिकार आपणांस तेव्हाच प्राप्त होतो, जेव्हा भाड्याने खोली मागावयास आलेल्या मनुष्यास आपण आडनाव विचारून परत पाठवीत नाही. ठिंड यांच्या निवेदनातील ते वाक्य आपल्या वतीने पुन्हा कोणी उच्चारू नये, एवढी काळजी आपण घेतली तरी या अभ्यासाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१) ओझावा यांचा युक्तिवाद आणि ठिंड यांच्या बाजूचा युक्तिवाद यांत मुख्य भेद कोणता? दोन्ही हरले, तरी आपणांस कोणता पटतो व का?

२) कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या कायद्यात 'जपानी' हा शब्द नव्हता. नाव न घेता माणसास वगळण्याची अशी उदाहरणे आपल्या गृहसंस्थांत वा समारंभांत आढळतात काय?

३) पंडित यांनी स्वतःच्या खटल्यात मांडलेला मुद्दा मुलांना सोप्या शब्दांत समजावून सांगा.